स्कीइंग नेमकं कुणाला शिकायचं होतं?

"सगळ्यांची साईज नऊच लिवा," भगवानराव फोनवर म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. अकरा माणसांच्या बुटांची साईज मी विचारत होतो. त्यात त्यांच्या आई होत्या, वय चौऱ्याहत्तर. पाच वर्षांचा पुतण्याही होता.

"भगवानराव, हा बूट चपलेसारखा नसतो. पायात गच्च बसावा लागतो. नाहीतर पडल्यावर गुडघा जातो."

"मग आईला सोडा. ती बसून बघंल. बाकीच्यांची नऊ."

गंगाखेडला माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. तिरुपती, अष्टविनायक, लग्नाच्या बसेस, रेल्वेची तिकिटं, असा आमचा धंदा. स्कीइंग म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं, एवढं मला ठाऊक होतं. बुकिंग कधी केलं नव्हतं. आमच्याकडं मागणार कोण?

मागितलं भगवानरावांच्या पत्नीनं. सुरेखाताई इथल्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. वय सेहेचाळीस. सप्टेंबरात दोघं ऑफिसात आले. ताई खुर्चीवर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मला स्कीइंग शिकायचंय. आयुष्यात पहिल्यांदा." पुढचं सगळं भगवानराव बोलले. त्यांचं कापडाचं दुकान आहे, गिऱ्हाईकाशी बोलायची सवय आहे. मी त्यांचाच नंबर लिहून घेतला.

मी मन लावून माहिती काढली. गुलमर्गच्या एका ट्रेनरशी बोललो. तो म्हणाला, नवशिक्याला किमान पाच दिवस द्या. पहिला दिवस बूट घालून चालण्यात आणि पडून उठण्यातच जातो. मग ब्रेक. दोन्ही पट्ट्यांची टोकं जवळ आणायची, टाचा फाकवायच्या, की वेग कमी होतो. हे जमलं की लहानसा उतार. आणि यायचं तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. तेव्हा बर्फाची खात्री जास्त.

मी सुंदर इटिनररी केली. इटिनररी म्हणजे कोणत्या दिवशी कुठं, याचा कागद. भगवानरावांना पाठवला.

"फेब्रुवारीत शाळा असते. दिवाळीत करा," ते म्हणाले.

"दिवाळीत स्कीइंगपुरता बर्फ नसतो."

"टीव्हीवर तर दाखवायलेत."

"ते वरच्या घाटातलं असेल. तिथं शिकवत नाहीत."

"करा हो तुमी. बर्फाची ग्यारंटी तेवढी लिहून द्या."

बर्फाची गॅरंटी! मी तर रेल्वेचं तिकीट कन्फर्म होईल का, हेही सांगू शकत नाही.

मग भगवानरावांचा भाऊ आणि भावजय वाढले. मग त्यांची पोरं. मग बहीण आणि मेहुणे. काश्मीरला आई नको म्हणाल्या, म्हणून मनाली झालं. मनालीला जायलोच तर वाटेत वैष्णोदेवी करा, असं मेहुण्यांनी सुचवलं. ती वाटेत नाही, हे मी नकाशा पाठवून सांगितलं. "जरा वाकडी वाट करू की," असं उत्तर आलं. दर बदलाला मी नवा कागद करायचो. दर वेळी हॉटेलवाल्याला फोन, बसवाल्याला फोन, माफी. दीड महिन्यात सात कागद झाले. दिल्लीचा बसवाला शेवटी माझा फोन उचलेना. सातव्या कागदावर स्कीइंग एका ओळीत मावलं होतं: दुपारी तीन ते चार, बर्फात खेळणे, बर्फ असल्यास.

एका मंगळवारी दुपारी सुरेखाताई एकट्याच आल्या. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. शाळेतून थेट आल्या होत्या.

"कागद बघू."

त्यांनी तो दोनदा वाचला.

"ह्यात शिकवणार कुठं?"

मी ती ओळ दाखवली. खरं ते सांगितलं. बर्फ असलाच तर तिथले लोक हाताला धरून दहा-पंधरा फूट ओढतात, फोटो काढतात, संपलं.

"मी पहिल्या दिवशी तुमाला काय सांगितलं होतं, भाऊ?"

"शिकायचंय म्हणालात."

"मग?"

दीड महिना मी भगवानरावांवर वैतागत होतो. ह्या बाईंना एक फोन करावा, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"ही ट्रिप त्यांची होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी बी येईन, सासूबाईंना धरायला कुणीतरी लागतंच. पण मला फेब्रुवारीचं वेगळं काढा. एकटीचं. रजेचं मी बघते."

त्यांनी बुटाची साईज सांगितली, सहा. उंची, वजन सांगितलं. कबड्डीत डावा गुडघा एकदा दुखावला होता, तेही लपवलं नाही. मी त्यांच्यासमोरच गुलमर्गच्या ट्रेनरला फोन लावला. तो म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी आणा, आम्ही शेजारी माणूस ठेवू. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली आणि मी तिकिटं काढली. सगळं मिळून अर्धा तास.

चार दिवसांनी भगवानराव दारात उभे.

"तुमी माझ्या बायकोला एकटीला काश्मीरला धाडायलात? रद्द करा."

"तिकीट ताईंच्या नावावर आहे. त्यांनी सांगितलं तर करतो."

"घरचा मालक मी हाय."

"तिकिटावर मालकाचा रकाना नसतो, भगवानराव."

मला एवढं तोडून बोलायचं नव्हतं. पण सात कागदांचा राग होता. मी त्यांच्यासमोर ताईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मागं मुलींचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"रद्द करू नका," ताई म्हणाल्या. "अन् त्यांना सांगा, अठरा-अठरा पोरी घेऊन मी एकटी राज्याच्या स्पर्धांना जाते. तवा कुणी काही म्हणलं न्हाई."

फोन बंद झाला. भगवानराव खुर्चीत बसले, पाणी प्याले.

"थंडी लय असते का हो तिथं?"

"शून्याच्या खाली."

"मग माझं बी काढा एक. सोबत म्हणून."

मी पेन उचललं नाही. "ताईंना विचारून सांगतो," म्हणालो.

ताईंचं उत्तर आलं: "पुढच्या खेपेला. ह्या खेपेला मला निवांत पडू द्या. पडताना घरचं कुणी बघायला नको."

दिवाळीत अकरा जण जाऊन आले. बर्फ नव्हता. वैष्णोदेवीच्या वाटेत दोन दिवस गेले म्हणून मेहुण्यांनी मला तक्रारीचे नऊ मेसेज पाठवले. मी त्यांना तो जुना नकाशा पुन्हा पाठवला.

फेब्रुवारीत ताई गेल्या. बर्फ इतका पडला की रस्ता बंद होऊन शिकण्याचा एक दिवस बुडाला. त्याचाही फोन मलाच आला, भगवानरावांचा. तीनदा. शेवटच्या दिवशी माझ्या फोनवर ताईंचा व्हिडिओ आला. लहानसा उतार, ताई वाकून, हात पसरून हळूहळू खाली येतात, पट्ट्यांची टोकं जुळवतात आणि थांबतात. मग कितीतरी वेळ स्वतःच्या पायांकडंच बघतात.

दुपारी भगवानराव तोच व्हिडिओ मला दाखवायला आले. मी पाहिलेला आहे, हे सांगितलं नाही. "ब्रेक बघा, ब्रेक," ते म्हणत होते.

आता कुणी बायकोचं नाहीतर आईचं बुकिंग करायला आलं, की मी आधी जाणाऱ्या माणसाचा नंबर मागतो आणि समोरच फोन लावतो. दोन गिऱ्हाइकांना राग आला, ती दुसऱ्या एजंटाकडं गेली. जाऊ द्या. त्यांचे सात-सात कागद आता तो करील.