टेबलावरून उतरलेला पेशंट

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपर-मुलुंडच्या नर्सिंग होममधून भूल द्यायला फिरायचे. सुया, औषधं, रक्तदाबाचं यंत्र, सगळं माझ्याच बॅगेत. सर्जनचा फोन आला की निघायचं.

त्या दिवशी घाटकोपरला हर्नियाचं ऑपरेशन होतं. पेशंट साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारा, मूळचा मालवणकडचा, पन्नाशीचा. मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा, म्हणून त्याला टेबलावर पाठ वाकवून बसवलं होतं. सुई काढण्याआधी मी ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून पाहिला. साफ रिकामा.

"दुसरा कुठाय?" मी नर्सला विचारलं.

"उद्या येणार आहे, मॅडम."

सर्जन हात धुऊन आत आले होते. "अहो, स्पायनलच तर द्यायचंय. पेशंट जागा असणार, बोलत राहणार. ऑक्सिजन हवाय कशाला? इंजेक्शन द्या आणि तुमच्या पुढच्या केसला जा."

द्या आणि जा. शिकत असताना हे मी एकदा पाहिलं होतं. भूल देणारे डॉक्टर एका बाईला असंच इंजेक्शन देऊन निघून गेले. औषध मणक्यातून वर छातीपर्यंत चढलं, तिचा रक्तदाब कोसळला, श्वास मंदावला. पडद्यापलीकडे ऑपरेशन करणाऱ्याला पत्ताच नाही. तिचे ओठ निळे पडताना मला दिसले, पण मोठ्यांपुढे तोंड उघडायला मी वेळ लावला. ती वाचली नाही.

"सिलिंडर आल्याशिवाय मी सुईला हात लावणार नाही," मी म्हणाले.

"मग मी देतो."

"द्या. पण आधी मी यांना सांगणार."

पेशंट सगळं ऐकत होता. त्याने मान वळवली. "डॉक्टरीणबाई, काय झाला? माका खरा सांगा."

"तुमचा श्वास अडला तर द्यायला इथे ऑक्सिजन नाही."

"मग मी हंय कित्याक बसलंय?" असं म्हणून तो टेबलावरून उतरला, गाऊन सावरत बाहेर गेला आणि बायकोशेजारी बाकावर जाऊन बसला.

"तुम्ही माझ्या पेशंटला घाबरवलंत!" सर्जन ओरडले.

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

दोन तासांनी टेम्पोतून सिलिंडर आला. मग पेशंटला परत टेबलावर बसवून मी इंजेक्शन दिलं आणि त्याच्या उशाशी बसले. थोड्या वेळाने तो पुटपुटला, "गरगरता." कपाळावर घाम, रक्तदाब खाली. मी सलाईन जोरात सोडलं, रक्तदाब वाढवायचं औषध दिलं, तोंडावर मास्क धरला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. सर्जनने मान वर करूनही पाहिलं नाही.

ऑपरेशन संपल्यावर बाहेर पॅसेजमध्ये ते म्हणाले, "बघा, झालं का काही? फुकट दोन तास घालवलेत."

"झालं होतं. मी तिथे होते म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"यापुढे तुम्हाला बोलावणार नाही."

"नका बोलावू."

खरंच नाही बोलावलं. त्यांच्या ओळखीच्या आणखी दोघांचेही फोन थांबले. कटकटी बाई म्हणून माझं नाव झालं. महिनाभर मी घरात फोनकडे बघत बसायचे, आणि रडूही यायचं. पण सिलिंडर नसताना त्या माणसाला टेबलावर झोपवायला हवं होतं, असं एकदाही वाटलं नाही.

मग मुलुंडहून बाळंतपणं करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "पेशंटला टेबलावरून उतरवणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

"हो, मीच. वेळ आली तर परत उतरवेन."

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी आठला या. सिझेरियन आहे."