हवा भरेपर्यंत

बायको गेली त्या दिवसापासून मी देवीशी बोलणं टाकलं होतं. भांडण नव्हतं, थकवा होता. ट्रकच्या केबिनमध्ये समोरच्या काचेखाली देवीची तसबीर आहे, तिच्याकडे पाहायचंही मन होत नसे. मी फार शिकलेला नाही, ट्रक चालवता चालवता म्हातारा झालो. जे घडलं ते लिहितो. चमत्कार म्हणायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन सुरू केलं की कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. हवेच्या दाबाचा काटा वर येऊन बझर बंद होईपर्यंत गाडी हलवायची नसते. वाडीला घरासमोर रोज सकाळी हा वेळ बायकोचा असे. इंजिन घरघरत असायचं आणि ती चहाचा ग्लास घेऊन वर चढायची, देवीला फूल वाहायची, उदबत्ती लावायची. मी घाई केली की म्हणायची, "भरू द्या न हवा. कोनाच्या लग्नाले जायचं हाये तुमाले?" ती गेल्यावरही तेवढं थांबावं लागायचंच. एकटा बसून काट्याकडे पाहत राहायचो. दिवसातला तोच वेळ सगळ्यात वाईट जायचा.

त्या दिवशी मौद्याच्या वीज केंद्रातून कोळशाची राख भरली होती. पारशिवनीकडे विटांच्या कारखान्यात ती टाकायची होती. कालव्याच्या पुलावर आलो आणि बझर वाजायला लागला. काटा खाली चाललेला. गाडी कडेला घेतो न घेतो तोच मागची चाकं आपोआप जाम झाली. तिथे लोखंडी डबे असतात, त्यांत जबर ताकदीची स्प्रिंग असते. हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते म्हणून चाकं फिरतात. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं धरून ठेवते. अशा वेळी काही ड्रायव्हर डब्याचा बोल्ट फिरवून स्प्रिंग बांधून टाकतात आणि गाडी तशीच पुढे रेटतात. मग ब्रेक म्हणून काही उरत नाही. यावरून मी दुसऱ्यांना शिव्या दिल्या आहेत. त्या दिवशी मीच पाना घेऊन खाली शिरलो. इंजिन चालूच ठेवलं होतं. पुढे उतार आहे, उताराखाली बाजार भरलेला आहे, हे मला ठाऊक होतं. खरं सांगतो, माझं जे व्हायचं ते होवो, एवढंच मनात होतं. बाजारातल्या माणसांचा विचारही आला नाही.

पाना बोल्टाला लावला, तेवढ्यात टायरजवळ दोन पाय येऊन थांबले.

"काहून गा बाबा, झोपून राहिला का गाडीखाली?"

"मरून राहिलो," मी म्हणालो.

"मंग बाहेर येऊन मर. तिथं कोन पाहीन तुले?"

बाहेर आलो. पन्नाशीची बाई, डोक्यावर झेंडूची टोपली, बाजाराला निघालेली. म्हणाली, "पयले ते इंजिन बंद कर. डोकं उठलं माह्यं. अन् पानी पे."

तिच्याशी वाद घालायची ताकद नव्हती. इंजिन बंद केलं, तिच्या बाटलीतलं पाणी प्यालो, कठड्यावर बसलो. सगळं शांत झालं आणि गाडीखालून बारीक सूं असा आवाज आला. इंजिनच्या घरघरीत तो मला जन्मात ऐकू आला नसता. चेसिसला घासून हवेचा पाइप चिरला होता. तेवढा तुकडा कापला आणि पेटीतला जोड बसवला. डब्याच्या बोल्टाला मात्र परत पाना लावला नाही.

"मले बाजारात सोडून दे," ती म्हणाली, "टोपली जड हाये."

"हवा भरल्याशिवाय हलत नाही वं गाडी."

"मंग भरू दे न. बाजार काई पळून नाही चालला."

मी इंजिन सुरू केलं आणि माझ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड फिरवलं. ती वर चढून बसली होती. तसबिरीकडे पाहून म्हणाली, "मायपुढं काईच नाही?" पदराने तसबिरीची काच पुसली, टोपलीतला एक झेंडू ठेवला. माझे डोळे वाहत होते, तिने पाहिलं असेल. काटा सावकाश वर आला. बझर बंद झाला.

उतारावर पाय दाबला, गाडी ऐकत ऐकत खाली आली. बाजाराच्या तोंडाशी लेकरं कडेवर घेतलेल्या बाया रस्ता ओलांडत होत्या. मी थांबलो. त्या सगळ्या पार होईपर्यंत ब्रेकवरचा पाय उचलला नाही.

तिला तिथे उतरवलं. राख टाकून परतताना ती तिथेच फुलं मांडून बसलेली दिसली, गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होती. देवी नव्हती, बाई होती. मी उतरून फुलं घेतली. "आता मेला नाही न गा?" तिने विचारलं. मी मान हलवली.

हवा गेल्यावर, हातपाय गळाल्यावर धरून ठेवणारं काही असतं, हे मी गाडीपुरतं जाणत होतो. स्वतःच्या बाबतीत मात्र पाना घेऊन त्यालाच बांधून टाकायला निघालो होतो. देवीने तिला पाठवलं का, हे मी विचारत नाही. हात जोडतो.

आता सकाळी इंजिन सुरू करून मीच फूल वाहतो, उदबत्ती लावतो. चहाही मीच करतो, तिच्यासारखा होत नाही. हवा भरेपर्यंत बसून राहतो. कोणाच्या लग्नाला जायचं नाही.