बुरशीची वाट बघताना

लोक विचारतात, "लॅबमध्ये एवढं हसण्यासारखं काय घडतं गं?" आता ज्यांना ब्रेडला बुरशी कधी येते याची वाट बघायचा पगार मिळतो, त्यांच्याकडे किस्से नाही तर काय साठणार? रोह्याजवळच्या धाटावमधल्या आमच्या छोट्याशा कंपनीत खाण्याचे पदार्थ गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म बनते. तिच्यात लवंगेचं तेल असतं, त्यामुळे आत जंतू आणि बुरशी लवकर वाढत नाहीत.

ते तेल कपड्यांनाही सोडत नाही. मी रोज एसटीनं पेणला परत जाते. एका कंडक्टरनं आठवडाभर वास सहन केला आणि मग तिकिटामागे दाताच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. "मॅडम, लवंगेनं भागायचं नाय. दाढ काढून टाका."

*

सफाईवाल्या कुसुममावशींचा हात भलताच चलाख. एकदा आम्ही निम्मा ब्रेड आमच्या फिल्ममध्ये आणि निम्मा साध्या पिशव्यांत ठेवला होता, तुलना करायला. बाराव्या दिवशी बघते तर साध्या पिशव्या गायब!

"मावशी, इथला ब्रेड?"

"सडला व्हता, टाकला. चांगला तेवढा ठेवलाय, खाऊन घ्या."

साहेबांनी कपाळावर हात मारला. ट्रायल पुन्हा पहिल्यापासून.

*

आमचा नवा सेल्समन पेणच्या बाजारात थेट सुक्या मासळीवालीसमोर जाऊन बसला. म्हणाला, "मावशी, यात माल महिनाभर टिकेल."

तिनं टोपलीतून मूठभर जवळा उचलून दाखवला. "ह्यो गेल्या उन्हाळ्यातला हाय. तुजी पिशवी टिकंल का एवढी?"

*

मशीनवरचे रशीदभाई रोह्याचे. मुलगा इम्रान कतारला. त्यांच्या बायकोला, म्हणजे भाभींना, एकच घोर, पोराला घरची तांदळाची भाकरी मिळत नाही. जाणाऱ्या माणसाबरोबर दोनदा पाठवली, पण इम्रानच्या हातात पडेपर्यंत बुरशी आली. दुसऱ्यांदा भाभी दिवसभर जेवल्या नाहीत, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. साहेबांना विचारून मी भाभींच्या बारा भाकऱ्या आमच्या फिल्ममध्ये पॅक करून पाठवल्या. इम्रानला फोनवर बजावलं, "अकरा खा. बारावी दहाव्या दिवसापर्यंत ठेव आणि फोटो पाठव."

दहाव्या दिवशी फोटो आला. भाकरी पांढरीशुभ्र, एक ठिपका नाही! लॅबमध्ये टाळ्या पडल्या, साहेबांनी पेढे मागवले. संध्याकाळी मी मुद्दाम रोह्याला रशीदभाईंच्या घरी गेले आणि भाभींना फोटो दाखवला.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितलं. हळूहळू चेहरा उतरला.

"किती दिस झाले म्हनालीस गो?"

"दहा, भाभी. पूर्ण दहा!"

"मंग ही उरली कशी? जेवतो का नाय माजा पोर?"