सुमनच्या खाटेवरचा पंखा

लॉकडाऊनमध्ये मी घरात माणसं लपवली आहेत, हे आमच्या विजेच्या मीटरने गावाला सांगितलं.

वास्तविक घरात मी एकटा होतो. माझी बायको सुमन आठवड्यासाठी म्हणून पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात माहेरी गेली आणि दोन राज्यांमधली हद्दच बंद झाली. एरवी मी नदीअलीकडच्या बेला गावातला सगळ्यात चिक्कू किराणावाला. पाहुणा हात धुवायला उठला की पंखा बंद करणारा! "करंट काय फुकट येते?" हे माझं वाक्य सुमनने संसारभर ऐकलं आणि संसारभर न ऐकल्यासारखं केलं.

पण रिकामं घर फार वाईट. स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून दचकायचो. मग मी बैठकीत टीव्ही लावला, स्वयंपाकघरात रेडिओ (भाजीला सोबत!) आणि सगळ्या खोल्यांत दिवे. टीव्हीवरच्या बाई "नमस्कार" म्हणाल्या की मीही हात जोडायचो.

लाइनमन गणपत मीटर पाहून चाट पडला. "काका, एकटा मानूस एवढा करंट खाते? पल्याडचे पाहुने तं नाई लपवले?"

संध्याकाळपर्यंत गावात माझे पाहुणे सात झाले! दुसऱ्या दिवशी दारात सरपंच, आणि दोन-दोन मास्क लावलेल्या आशा वर्कर लताताई.

"पाहुने सापडले तं दुकानाले टाळं," सरपंच म्हणाले. गिऱ्हाईक हीच काय ती माझी बोलायची सोय उरली होती.

"आतून बायाचा आवाज येऊन राह्यला, काका!"

"टीव्ही हाय, ताई."

"अन् तिकडं कोन गाऊन राह्यलं?"

"रेडिओ."

सरपंचांनी ज्वारीच्या कोठीतही डोकावून पाहिलं. लताताई मात्र मागच्या खोलीत थबकल्या. सुमनच्या रिकाम्या खाटेवर पंखा भरधाव फिरत होता.

"हा कोनासाठी?"

"सुमनसाठी. तिले लई उकडते."

"पन काकू तं नदीपल्याड!"

"हो ना..." मी पंखा बंद करायला बटणाकडे वळलो. पंख्याची खडखड थांबली की ती घरात नसल्याचं कळायचं, एवढंच.

सरपंच हळूच म्हणाले, "राहू द्या चालू."

हद्द उघडली, सुमन आली. आल्या आल्या घरभर फिरून तिने बटणं बंद केली. "करंट काय फुकट येते?" मी न ऐकल्यासारखं केलं.

अजूनही ती शेजारी हळदीकुंकवाला गेली की मी गुपचूप तो पंखा लावतो. परत येऊन ती विचारते, "हा कोनं लावला?"

"लपवलेल्या पाहुन्यायनं," मी सांगतो.