पुस्तकात नसलेली खोली

तिला सगळे फौजदार म्हणायचे, पण दुकान होतं इस्त्रीचं. गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावर. खिसे उलटे करून पाहिल्याशिवाय ती कपड्याला इस्त्री टेकवत नसे. खिशातून माणूस कळतो, असं तिचं ठाम मत. कोण चोरून सिगारेट ओढतो, कोण बायकोने दिलेल्या गोळ्या न गिळता तशाच ठेवतो, सगळं तिला ठाऊक. संशयाला औषध नाही म्हणतात. हिने तर त्याचं दुकानच थाटलं होतं. दूधवाला, डॉक्टर, सख्खा नवरा, कोणीही तिच्या तावडीतून सुटला नव्हता. जगात एकाच माणसाचा शब्द ती न तपासता घ्यायची, तो ताईचा. आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे वेणी घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत हिला वाढवलं ते ताईनेच.

फौजदारांची एक खोड मात्र विचित्र होती. त्या कोणाच्याही घरी वरच्या मजल्यावर जात नसत. कपडे पोचवायचे झाले तर जिन्याखाली उभं राहून हाक मारायची आणि गिऱ्हाइकाला खाली उतरवायचं. कारण विचारलं तर गुडघे. गुडघे ठणठणीत होते. खरं कारण एका भुताच्या कादंबरीत होतं, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईने ते चारचौघांत सांगायचं तरी कसं?

कादंबरी जुनी, गाजलेली. नवी नवरी तळ्याकाठच्या घरात येते आणि तिला विहिरीतून स्वतःच्याच आवाजात हाका ऐकू येऊ लागतात. ही सात वर्षांची असताना ताईने अंथरुणावर पडल्या पडल्या ती तिला सांगितली होती. हिला विहिरीचं फारसं काही वाटलं नाही. धसका घेतला तो वरच्या खोलीचा. त्या घरात वर एक म्हातारा राहायचा. मोठा गोडबोल्या. गोळ्या दाखवून मुलींना वर बोलवायचा आणि वर गेलेल्या मुलीची सावली काढून घ्यायचा. मुलगी परत यायची, जेवायची, शाळेतही जायची, पण ती पहिल्यासारखी राहायची नाही. तेव्हापासून हिने जिन्याचं नाव काढलं नाही.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर त्याच कादंबरीवरचा सिनेमा लागला. ही उशी पोटाशी धरून बसली. विहीर आली, हाका आल्या, पाण्यातून एक हिरवट चेहरा वर आला, शेवटी नवरी गाडीत बसून सुखरूप निघूनही गेली. म्हातारा आलाच नाही. मुळात घराला वरचा मजलाच नव्हता.

"गाभाच खाल्ला की यांनी," ती नवऱ्यावर उखडली, जणू सिनेमा त्यानेच काढला होता.

"अगं, खर्च वाचवला असेल. पुस्तक आण आणि वाच, म्हणजे मन शांत होईल. तुझंही आणि माझंही."

तिने वाचनालयातून पुस्तक आणलं आणि गल्ल्यामागे बसून वाचायला घेतलं. दोन शर्टांच्या मध्ये एक पान. पुस्तक सिनेमापेक्षा कितीतरी भयंकर होतं. सिनेमाने चेहरा दाखवून टाकला होता. पुस्तकात चेहरा नाहीच, नुसतं पाणी हलतं, आणि वाचणाऱ्याने काय ते समजावं. शेवटही वेगळा. पुस्तकातली नवरी कुठे जात नाही. ती विहिरीशी येते, वाकते आणि हाकेला ओ देते. संपलं. एक कॉलर तिथेच करपली.

पण वरची खोली पुस्तकातही नव्हती. बैठं घर, कौलारू, असं लेखकाने पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. एखादं पान फाटलं असेल म्हणून तिने पानांचे आकडे जुळवून पाहिले. सगळी पानं जागच्या जागी होती.

मग शंकेची पाल चुकचुकली. म्हणजे ताईने पदरचं घातलं होतं. कशाला? लहानपणीच्या घरात वर एक भाडेकरू होते, वरचे काका. पुस्तकांचं कपाट असलेले, सगळ्यांत मान असलेले. त्यांचा डबा रोज ताई वर घेऊन जायची. आणि एकदा हिला ताईच्या फ्रॉकच्या खिशात गोळ्या सापडल्या होत्या, मूठभर. ताईने तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं हिच्या कानाखाली वाजवली होती.

हिशेब जुळला. काका गोळ्या द्यायचे, आणि वाटेकरी नको म्हणून ताईने म्हातारा उभा केला. चार गोळ्यांसाठी! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला तिनेच अख्खं आयुष्य जिन्याखाली उभं केलं. दुकान नवऱ्यावर टाकून, पुस्तक पिशवीत घालून ती तडक ताईकडे गेली.

ताई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. हिने चपलाही धड काढल्या नाहीत.

"ताई, यात वरची खोली नाही."

ताईने पुस्तकाकडे पाहिलं. हात थांबले नाहीत.

"नसेल."

"तू घातलीस. गोळ्या तुला एकटीला मिळाव्यात म्हणून."

"त्यातली एखादी तू खाल्लीस का गं तेव्हा?"

"कुठली खाणार? सगळ्या वितळून खिशाला चिकटल्या होत्या. वर तू—"

बोलता बोलता ती थांबली. जन्म खिसे तपासण्यात गेला होता. हावरट मुलगी गोळ्या खिशात वितळू देत नाही. त्या गोळ्या कोणी तोंडाला लावल्याच नव्हत्या.

"खोली पुस्तकात नव्हती," ताई म्हणाली. "आपल्या घरात होती. तुझा पाय तिकडे वळू नये म्हणून काय सांगणार होते मी तुला, सात वर्षांच्या पोरीला?"

"आईला सांगायचंस."

"सांगितलं. ती म्हणाली, मोठी माणसं आहेत, नखरे करू नकोस, डबा देऊन ये."

ही खाली बसली. तिने समोरच्या शेंगा ओढल्या आणि सोलायला लागली. तिला काकांचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण ती भांडायला आली होती.

"तुला भीती नाही वाटायची?"

"मला अशी गोष्ट सांगणारं कोणी नव्हतं."

शेंगा संपल्या. मग ताईने हात पुसून पुस्तक उचललं आणि चाळलं.

"हे पुस्तक मी तेव्हा त्यांच्याच कपाटातून आणलं होतं. अर्ध्यावर असताना मी ते परत ठेवलं आणि वर जाणंच बंद केलं, मग आई काही का म्हणेना. पुढचं तुला मनानेच सांगितलं." तिने पुस्तक मिटलं. "शेवटी काय होतं गं त्या पोरीचं? सुटते का?"

फौजदारांनी मान वर केली नाही.

"सुटते," ती म्हणाली. "गाडीत बसते आणि निघून जाते. सिनेमात अगदी पुस्तकातल्यासारखंच दाखवलंय."

आणि पुस्तक ताईच्या हातातून घेऊन तिने आपल्या पिशवीत ठेवलं.