सापडल्यानंतरचं

गोष्टीचा जीव कुठे असतो हे आपल्याला नेमकं कळतं, असा माझा पक्का समज होता. शनिवार पेठेतल्या शाळेत तीस वर्षं मुलांना कथाकथन शिकवलं. निवृत्त होऊन खराडीत राहायला आले तरी खोड गेली नाही. सोसायटीच्या गणपतीत कथाकथन ठेवायचं आणि आधी आठवडाभर सगळ्यांच्या गोष्टींना कात्री लावायची, हे काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. कुणी मला सांगितलं नव्हतं.

यंदा शेजारच्या काकू आल्या. यवतमाळकडच्या, आयटीतल्या मुलाकडे राहायला आलेल्या. हा मुलगा चार वर्षांचा असताना गावच्या आठवडी बाजारात हरवला होता, ती गोष्ट त्यांना सांगायची होती. मी खूश झाले. म्हटलं, हात सुटतो तिथून सुरुवात करा, आणि फुटाणेवाल्याजवळ तो सापडला की नमस्कार करून खाली या. टाळ्या तिथेच पडतात.

“अन् त्याच्यापुढचं?” काकूंनी विचारलं. पुढचं म्हणजे, सापडल्याबरोबर त्यांनी पोराला मारलं होतं.

“ते गाळा. सणासुदीला कशाला?”

“पण मले तेच सांगाचं हाये.”

“कार्यक्रम लोकांसाठी असतो, काकू,” मी म्हणाले. शाळेतला आवाज लागला माझा.

कार्यक्रमात त्यांनी सगळं मी सांगितल्याबरहुकूम केलं. पोरगा सापडला, टाळ्या पडल्या. पण काकू खाली येईनात. मी बाजूला उभी राहून हातवारे करत होते.

“थांबा, अजून हाये,” त्या म्हणाल्या आणि तिसऱ्या रांगेतल्या मुलाकडे वळल्या. इतका वेळ गोष्टीत ‘तो’ होता, आता त्या थेट त्याच्याशीच बोलू लागल्या.

“तू मले पाहून हासला. म्हणाला, आई, कुठी हरवली होती तू? अन् म्या तुले मारलं. भर बाजारात मारलं, म्हणून माफीबी सगळ्याईसमोरच मांगतो.”

मला माझी लाज वाटली. काकूंना टाळ्या नकोच होत्या, आणि ज्यासाठी त्या तिथे चढल्या होत्या तेवढंच नेमकं मी कापायला निघाले होते.

मुलगा स्टेजवर गेला, त्यांचा हात धरला. “आई, अगं, मला तर आठवतही नाही ते.”

“मले आठवते ना,” काकू म्हणाल्या.