सायत्राबाईंचा गंज

मित्रहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. कान्ट आणि भुकेल्यांबद्दलचं आपलं कर्तव्य यावर मी भारदस्त पोस्ट लिहीत होतो, आणि ऐन उपदेशात आमगावचं नेट गेलं.

तेवढ्यात शेजारच्या सायत्राबाई दारात आल्या. "भाऊ, माहा गंज द्या जी. रिकामाच द्या."

त्या पातेल्यात त्यांनी दिवाळीनंतर उकडलेले शिंगाडे पाठवले होते. शिंगाडे आम्ही लगेच संपवले, गंज फळीवर राहिला. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून 'काहीतरी घालून देऊ सावकाश' चाललं होतं.

"काऊन, एवढी घाई?"

"भंगारवाला आला चौकात. रेशनच्या मशीनले नेट नाही. दुकानदार रोज म्हणते, उद्या या."

"गंज विकला तर शिजवाल कशात?"

"शिजवाले असन तवा पाहू."

सगळ्यांनी पाळला तरी चालेल अशाच नियमाने वागावं, असं कान्टचं म्हणणं मी नुकतंच लिहिलं होतं. माझा खरा नियम 'देऊ सावकाश' हा निघाला. तो सगळ्यांनी पाळला, तर आमच्या गल्लीतून आधी भांडी जातील. मग काय जाईल, ते लिहायला हात धजत नाही.

आता नेट आलं आहे, रेशन दुकानाला कुलूप आहे, आणि भंगारवाल्याची हाक गल्लीत फिरते आहे. तुमच्या फळीवर कोणाचं भांडं आहे?

सायत्राबाईंना मात्र मी तेव्हाच गंज तांदळाने काठोकाठ भरून दिला.

"रिकामा मांगतला होता जी," त्या म्हणाल्या.

"शिंगाडे खाल्ले होते, बाई," मी म्हणालो.